दिवाळीच्या दोन वेलांट्या

अंधेरी स्टेशनाबाहेर किंवा बोरिवलीच्या एखाद्या नाक्यावर उभे राहा. दसऱ्यापासून पुढे महिनाभर शुभेच्छांचे फलक नजरेसमोर असतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर ‘हार्दिक’ हा शब्द मोडलेला असतो. आधी ‘हार्’, मग सुटा ‘द’, मग ‘कि’. करणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असं म्हणून आपण पुढे जातो. पण त्याच माणसाच्या हातात पेन देऊन तोच शब्द लिहायला सांगितला तर तो बिनचूक लिहील. मग फलकावर ‘द’ची वेलांटी ‘क’वर गेलीच कशी?

हा प्रश्न आता फलकांपुरता राहिलेला नाही. आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आजीची पंचाहत्तरी, नव्या घराची वास्तुशांत अशा निमित्तांनी शब्दांचंच चित्र छापून, फ्रेम करून भेट देण्याची हौस घरोघरी दिसते. त्यात माणसाचा चेहरा नसतो, देखावा नसतो. नावं, गावं, सण आणि त्या घरातच बोलली जाणारी दोन-चार वाक्यं एवढ्यावर चित्र उभं राहतं. फोनवर तयार साचे मिळतात. त्यांत मराठी मजकूर घातला की मात्र काहीतरी बिनसतं, आणि नक्की काय ते सांगता येत नाही. ते सांगता येतं, आणि एकदा कळलं की घरच्या घरी सुधारताही येतं.

टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम

‘हार्दिक’ टाइप करताना आपण कळा उच्चाराच्या क्रमाने दाबतो: ह, काना, र, हलन्त, द, पहिली वेलांटी, क. संगणकात हीच सात चिन्हं याच क्रमाने साठवली जातात. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. साठवायचे असतात ते हे क्रमांक. डोळ्यांना मात्र वेगळा क्रम लागतो. वेलांटी ‘द’नंतर टाइप झाली तरी तिची उभी रेघ ‘द’च्या आधी उभी राहिली पाहिजे. ‘र’ आधी टाइप झाला तरी त्याचा रफार होऊन तो ‘द’च्या डोक्यावर गेला पाहिजे.

घरातल्या समारंभात सगळ्यांचा एकत्र फोटो काढतात तसंच हे आहे. माणसं दारातून येतात एका क्रमाने. फोटोग्राफर त्यांना उंचीप्रमाणे, नात्याप्रमाणे उभं करतो, मुलांना पुढे बसवतो, उंच काकाला मागे पाठवतो. संगणकात हे काम करणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. तो आधी अक्षरांचे गट पाडतो, मग वेलांटी आणि रफार हलवतो, मग फाँटमधून योग्य जोडाक्षर निवडतो आणि शेवटी मात्रा-अनुस्वार मोजून जागेवर बसवतो. चित्रं करण्याच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रोग्रॅम नसतो किंवा बंद ठेवलेला असतो, तिथे माणसं आल्या क्रमाने उभी राहतात. वेलांटी ‘द’नंतर आली म्हणून ‘द’नंतरच छापली जाते आणि वाचणाऱ्याला ती ‘क’ची वाटते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

या सगळ्यामागचं बरंचसं मूलभूत काम मुंबईच्या उपनगरांत झालं आहे, हे इथल्या वाचकांना ठाऊक असायला हवं. पवईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे ‘आयडीसी’, सुरू झालं. जाहिरात क्षेत्रात नाव मिळवलेले रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) पुढे तिथे अक्षररचना शिकवू लागले. नंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी भारतीय लिप्यांच्या फाँटचं काम केलं. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. सरकारी अर्जांपासून शाळेच्या निकालापर्यंत आपण इतक्या ठिकाणी तो पाहिला आहे की तो कुणीतरी घडवला आहे हे लक्षातही येत नाही. र. कृ. जोशी गेले त्याच वर्षापासून आयडीसीच्या पुढाकाराने ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद भरू लागली.

शब्दाला आधीपासूनच आकार असतो

आता शब्दाकडे. देवनागरी शब्दाचे तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षरं. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खालच्या मजल्यावर उकार. कोणत्या शब्दात वर काय चढलं आहे आणि खाली काय उतरलं आहे, यावरून त्याची बाह्यरेषा ठरते. शब्दचित्र करणाऱ्याने रंग, फुलं, पणत्या यांच्या आधी ही बाह्यरेषा पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन.

‘दिवाळी’ हा शब्द मोठा करून लिहा. सुरुवातीला पहिल्या वेलांटीची उभी रेघ, तिची कमान उजवीकडे ‘द’वर झुकलेली. शेवटी दुसऱ्या वेलांटीची उभी रेघ, तिची कमान डावीकडे ‘ळ’वर झुकलेली. ‘द’ आणि ‘ळ’ दोन्ही बिनकान्याची, गोलसर अक्षरं. मधोमध ‘वा’च्या दोन उभ्या रेघा. डावी बाजू उजवीवर दुमडावी इतका हा शब्द समतोल आहे, आणि दोन कमानींच्या मध्ये, बरोबर ‘वा’च्या वर, मोकळी जागा आहे. आकाशकंदील तिथे टांगायचा. साच्यातून उचललेला कंदील कोपऱ्यात चिकटवला की तो पाहुण्यासारखा परका दिसतो, कारण शब्दाने त्याच्यासाठी ठेवलेली जागा रिकामीच राहते.

‘गुढीपाडवा’त ‘ढी’ची उभी रेघ शब्दाच्या आत, पण मध्यापासून जरा डावीकडे येते. ती शिरोरेषेच्या वर नेली की गुढीची काठी मिळते, आणि वेलांटीची कमान हेच तिचं वस्त्र. ‘ग’चा उकार खाली डावीकडे वळतो, तिथे रांगोळीला जागा आहे. ‘संक्रांत’वर दोन अनुस्वार आहेत, ते तिळाच्या आकाराचे करा, शब्द वाचायला कुठेही अडत नाही. ‘नाताळ’ याच्या अगदी उलट आहे. त्याच्या शिरोरेषेवर काहीच नाही आणि खालीही काही उतरत नाही. गोराई, मरोळ इथल्या ईस्ट इंडियन घरांसाठी नाताळचं चित्र करायचं असेल, तर सपाट शिरोरेषेवरचं पूर्ण मोकळं आकाश हेच त्या शब्दाचं बलस्थान. तिथे एकच तारा पुरतो.

घरातल्या शब्दांचंही असंच आहे. ‘बाबा’ म्हणजे चार उभ्या रेघा, वर-खाली काही नाही. शब्दच ठाम दिसतो. ‘आजी’ची वेलांटी ‘ज’वर झुकते. ‘आई’त ‘ई’ची वरची आकडी तेवढी शिरोरेषा ओलांडते, आणि अक्षरलेखन करणाऱ्यांना नेमकी तीच लांबवायचा मोह होतो. तो मोह आवरावा. फार लांबवली की ‘ई’ ओळखू येईनाशी होते.

अक्षरगणेशाबद्दलही एक सांगायला हवं. एखाद्याच्या नावातली अक्षरं वळवून गणपतीची आकृती काढायची, ही कला महाराष्ट्रात लोकप्रिय आहे आणि चांगल्या हातून उतरली तर ती थक्क करते. पण डोळा आकृती आधी ओळखतो आणि अक्षरं नंतर. सोंड, कान, मुकुट दिसले की नाव शोधावं लागतं. नवीन माणसाने सुरुवात इथून करू नये.

इंग्रजी साचा मराठीवर का बसत नाही

इंग्रजीतलं कौटुंबिक शब्दचित्र बहुधा एका आयतात बसवलेलं असतं: सगळी मोठी लिपी, प्रत्येक ओळ ताणून सारख्या रुंदीची, अक्षरांत हवं तितकं अंतर. मोठ्या लिपीतली अक्षरं सारख्या उंचीची आणि सुटी असल्याने ते जमतं. मराठीत अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शब्द आडवा ताणला तर उभे काने जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच पातळ राहते. मूळ फाँटमधलं जाड-बारीक प्रमाण बिघडतं. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आपटतो.

उपाय सरळ आहेत. ओळ भरायची असेल तर शब्द ताणू नका, त्याचा आकार सर्व बाजूंनी सारखा वाढवा, किंवा शिरोरेषाच पुढे न्या. लांबलेली शिरोरेषा मराठी डोळ्याला खटकत नाही. उकार आणि वेलांटी जिथे समोरासमोर येतात तिथे ओळींचा क्रम बदला. ‘बाबा’सारखे सपाट शब्द इथे कामाला येतात, ते दोन उंच शब्दांच्या मध्ये निमूट बसतात. शिवाय, वर-खाली मात्रांसाठी जागा राखलेली असल्यामुळे त्याच पॉइंटमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. दोन्ही लिप्या शेजारी ठेवायच्या असतील तर मराठीचा आकार डोळ्याने बघून वाढवावा.

हाताचं अक्षर आणि फाँट

हे सगळं ज्यांनी हाताने करून दाखवलं, त्यांतलं मोठं नाव मुलुंडला राहणारे कमल शेडगे (१९३५–२०२०). टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतली असंख्य शीर्षकं काढली. शीर्षक वाचण्याआधीच नाटक विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की गंभीर, हे वर्तमानपत्राच्या पानावरून कळायचं. नाटकाचा भाव ते अक्षराच्या जाडीत, टोकांत आणि वळणात आणत. बाजूला वेगळं चित्र काढायची गरजच उरत नसे. घरगुती शब्दचित्र करणाऱ्याने त्यांच्या कामाची संग्रहित पुस्तकं जरूर मिळवून पाहावीत. सुलेखनात, म्हणजे थेट बोरू किंवा ब्रशने लिहिण्यात, अच्युत पालव यांनी मुंबईत कित्येक विद्यार्थी घडवले आहेत.

बोरूची एक गंमत इथे समजून घेऊ. देवनागरीसाठी बोरूचा कत डावीकडून उजवीकडे उतरता ठेवतात, इंग्रजीच्या सपाट निबाचा कल याच्या उलट असतो. म्हणून उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ मराठीत जाड येते आणि इंग्रजीत बारीक. ‘कोणत्याही सुंदर इंग्रजी फाँटला शिरोरेषा लावली की मराठी झालं’ ही समजूत इथेच कोसळते. तशी अक्षरं आपल्याला उलट्या हाताने लिहिल्यासारखी वाटतात.

हाताने लिहायचं नसेल तर आज चांगले फाँट फुकट मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मोदक’ हा इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतल्या पोकळ्या जेमतेम रेघेएवढ्या उरतात. बारशाच्या चित्राला तो शोभतो, श्रद्धांजलीला अजिबात नाही. त्यांचाच ‘मुक्त’ साधा आहे, लहान मजकुराला चालतो. ‘यात्रा वन’ हा फाँट मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. पन्नास वर्षं घाटकोपर ते व्हीटी केलेल्या आजोबांसाठी याहून योग्य अक्षर कोणतं? मात्र एका चित्रात दोनांपेक्षा जास्त फाँट घेऊ नका.

आजीची पंचाहत्तरी

आता मजकूर. साच्यात ‘प्रेम’, ‘माया’, ‘आशीर्वाद’ असे शब्द भरलेले असतात आणि ते कुठल्याही आजीला लागू पडतात. जे फक्त तुमच्या आजीला लागू पडतं ते गोळा करा. माहेरचं आणि सासरचं गाव, चाळीचं किंवा सोसायटीचं नाव, ती नातवंडांना मारते त्या हाका, तिच्या हातचे दोन पदार्थ, निघताना ती दारात म्हणते ते वाक्य. पंधरा-वीस नोंदी पुरे. त्यांतला एकच शब्द मोठा ठेवा, चार-पाच मध्यम, बाकीचे लहान. सगळेच मोठे केले तर डोळा कुठेच थांबत नाही.

तिच्या हाताचं अक्षर घरात असेल तर फाँटकडे जाऊच नका. जुनी पत्रं, पाककृतींची वही, हिशेबाची डायरी शोधा. पिवळट कागदावरची निळी शाई उचलायची रीत अशी: पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, कृष्णधवल नको. रंगीत प्रतिमा लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांची बनलेली असते. निळी शाई लाल प्रकाश शोषून घेते, म्हणून लाल थरात ती सर्वांत गडद दिसते. पिवळा पडलेला कागद लाल प्रकाश परतवतो, म्हणून त्याच थरात तो जवळपास पांढरा दिसतो. नुसता लाल थर ठेवला की डाग, पिवळेपणा बराचसा निघून जातो आणि अक्षर उरतं. त्या पिढीतली कित्येक माणसं भरभर लिहिताना शिरोरेषा देत नसत. ती नंतर काढून पूर्ण करू नका. ते अक्षर तसंच तिचं आहे.

नावांत सर्वाधिक चुका ‘र’च्या होतात. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाणपूर’ यांतला आडव्या वळणाचा ‘र’ मराठीचा खास आहे; तो नीट टाइप झाला नाही तर त्याचा रफार होतो आणि घराण्याचं आडनावच चुकीचं छापलं जातं. ‘ल’ आणि ‘श’ही तपासा. पुष्कळ फाँट हिंदी वळण देतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. लीला, शालिनी, विमल, शैला अशी नावं असलेल्या पिढीच्या चित्रात या दोन अक्षरांनी मोठा फरक पडतो. काही फाँटमध्ये भाषा ‘मराठी’ निवडण्याची सोय असते, किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा मराठीसाठीच केलेला फाँट घ्यावा. ‘कै.’, ‘ति.’, ‘सौ.’ ही संबोधनं घरातल्या मोठ्यांना विचारूनच लावा; एखाद्या बाईंना आयुष्यभर ‘सौ.’ आवडलं नसेल, तर त्यांच्याच चित्रावर ते नको.

चौकट: छापायला देण्याआधी

ए-३ कागद २९७ × ४२० मिमी असतो; ३०० डीपीआयला त्यासाठी ३५०८ × ४९६१ पिक्सेलची प्रतिमा लागते. चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची जागा कापण्यासाठी सोडावी. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृती करून, पीडीएफ द्यावी, म्हणजे छापणाऱ्याकडे तुमचा फाँट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा आकुंचित होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कागदावर एक प्रूफ काढून घरातल्या दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या.

घाटकोपरचा दगड, आजची शाई

घराच्या भिंतीवर छापील चित्र लावायची सवय आपल्याला लावण्यात घाटकोपरचा वाटा मोठा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तो घाटकोपरला होता. १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला केला की मोकळा भाग पाणी धरतो आणि शाई नाकारतो, तेलकट भाग शाई धरतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि एकाच कागदावर एकामागून एक छाप. लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांत पोचल्या त्या या मार्गाने.

आजही छपाईत रंग थरांनीच बनतात: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. फोनचा पडदा मात्र प्रकाशाने रंग दाखवतो. झेंडूचा पेटता नारिंगी किंवा पोपटी हिरवा पडद्यावर जितका उजळ दिसतो तितका या चार शाया कागदावर देऊ शकत नाहीत, आणि छापून आल्यावर चित्र मलूल वाटतं. म्हणून रंग पडद्यावर पक्के करू नयेत, प्रूफवर करावेत. बारीक अक्षर चार रंगांच्या मिश्रणात ठेवू नये. थर केसभर सरकले तरी वेलांटीला रंगीत सावली येते. लहान मजकूर फक्त काळ्या शाईत द्यावा.

कागद आणि शाई निवडताना मुंबईची हवा विसरता येत नाही. डाय शाई स्वस्त आणि चमकदार असते, पण उन्हाने लवकर विटते. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, ती जास्त टिकते. कागद आम्लमुक्त घ्यावा, नाहीतर तो स्वतःच पिवळा पडत जातो. सुती कागद, २५० ते ३०० जीएसएमचा, उत्तम. पावसाळ्यात कागद ओल शोषून फुगतो आणि थेट काचेला टेकलेला असेल तर तिला चिकटतो. काढायला गेलात की अक्षरांचा थर काचेवर राहतो. फ्रेमवाल्याला माउंट लावायला सांगा, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या इमारतींत पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते. अशा भिंतीवर चित्र टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.